केसांत गुलाब, ओठांवर तबस्सुम

आठवीच्या उर्दूच्या तासाला मी मुलांना 'वजन' शिकवते. वजन म्हणजे शब्दाचा साचा. अरबीतून उर्दूत आलेले पुष्कळ शब्द एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. साचा ओळखता आला की शब्दाचे हिज्जेही चुकत नाहीत आणि अर्थाचाही अंदाज येतो. मी फळ्यावर लिहिते : तरन्नुम, तलफ्फुज, तखल्लुस, तसव्वुर, तबस्सुम. मुलं एका सुरात म्हणतात. मधल्या अक्षरावरची तश्दीद सगळ्यांना कळते, कारण तिथे जीभ जरा थांबते.

मागच्या वर्षी असंच चालू असताना मी सहज विचारलं, "तबस्सुम कोण होती, माहीत आहे का?"

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझी फुफी."

वर्ग हसला, मीही हसले. मग मी सांगायला लागले, तर घंटा झाली तरी गोष्ट संपेना. ती अर्धी राहिलेली गोष्ट आज इथे लिहून काढते.

दोन नावांची मुलगी

ज्या तबस्सुमबद्दल मी बोलते आहे तिचा जन्म ९ जुलै १९४४ चा, मुंबईचा. वडील अयोध्यानाथ सचदेव आणि आई असगरी बेगम. दोघंही स्वातंत्र्यचळवळीतले. आई पत्रकार आणि लेखिकासुद्धा होत्या. मुलीचं नाव काय ठेवायचं हा प्रश्न या घरात कसा सुटला ते ऐकण्यासारखं आहे. वडिलांनी आईच्या धर्माचा मान ठेवून नाव सुचवलं तबस्सुम. आईने वडिलांच्या धर्माचा मान ठेवून नाव सुचवलं किरण बाला. म्हणजे प्रत्येकाने समोरच्याच्या घरातलं नाव निवडलं. कागदोपत्री ती किरण बाला सचदेव राहिली आणि जगाने तिला तबस्सुम म्हणून ओळखलं.

साल पुन्हा एकदा पाहा. १९४४. पाकिस्तानच्या मागणीने जोर धरला होता, आणि पुढच्या तीन वर्षांत देशाचे दोन तुकडे होणार होते. त्या काळात मुंबईतलं एक जोडपं पाळण्यापाशी बसून एकमेकांना नाव बहाल करत होतं. आज अशा लग्नाची बातमी पहिल्या पानावर येते आणि नावावरून आधी चौकशी होते. म्हणून ही हकिकत मला छोटी वाटत नाही.

तबस्सुम या शब्दाचा अर्थ स्मित. उर्दूत हसण्याला अनेक शब्द आहेत. मोठ्याने हसलात तर क़हक़हा, नुसतं हसू आलं तर हँसी, आणि दात न दाखवता ओठांवर जे उमटतं ते तबस्सुम. तिरमिजीच्या संग्रहात एक हदीस आहे : आपल्या भावाकडे पाहून स्मित करणं हासुद्धा सदका आहे. तिथे स्मितासाठी अरबीत हाच शब्द आला आहे. म्हणजे ज्याच्याकडे द्यायला पैसा नाही त्याच्याकडेही द्यायला काहीतरी असतं. वडिलांनी हा विचार करूनच नाव निवडलं होतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मुलीने आयुष्यभर तोच सदका दिला.

बेबी तबस्सुम

वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ती चित्रपटात होती. पडद्यावर नाव यायचं 'बेबी तबस्सुम'. 'मेरा सुहाग', 'मंझधार', 'बडी बहन' अशा चित्रपटांत ती दिसली. पण लोकांच्या लक्षात राहिली ती १९५१ च्या नितीन बोस यांच्या 'दीदार'मुळे. दीदारमध्ये नर्गिसच्या पात्राचं बालपण तिने केलं होतं आणि दिलीपकुमारच्या पात्राचं बालपण परीक्षित साहनी यांनी. घोड्यावर बसून गाणं म्हणत निघालेली ती दोन मुलं जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत. पडद्यामागे आवाज लता मंगेशकर आणि शमशाद बेगम यांचे होते, संगीत नौशाद यांचं. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'बैजू बावरा'त ती लहानपणची मीनाकुमारी झाली.

बालकलाकाराचं आयुष्य फार थोडं असतं. दुधाचे दात पडले की भूमिका पडायला लागतात. बेबी तबस्सुमचंही तसंच झालं. मोठी झाल्यावर तिने लहानमोठ्या भूमिका केल्या, पण नायिका म्हणून तिचं नाव झालं नाही. आणखी कोणी असतं तर इथेच तिची गोष्ट संपली असती. तिच्यापाशी मात्र दोन गोष्टी शिल्लक होत्या. एक, साफ जबान. दुसरी, लहानपणापासून स्टुडिओत वावरल्यामुळे आलेला निर्धास्तपणा. मोठमोठ्या नटनट्यांसमोर बसताना तिचे हातपाय थरथरत नसत. ज्यांना लोक लांबून पाहत, त्यांच्यामध्येच ती वाढली होती.

वरळीचा मनोरा

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, प्रयोग म्हणून. त्या सुरुवातीच्या काळात आपले पु. ल. देशपांडेही तिथे होते, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. दुसरं केंद्र निघायला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही चित्र दिसू लागलं. टीव्ही तेव्हा आकाशवाणीचाच एक भाग होता. 'दूरदर्शन' हा वेगळा संसार १ एप्रिल १९७६ ला थाटला गेला.

मुंबई केंद्राच्या त्या पहिल्या वर्षांत काय काय होतं ते आठवून पाहा. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', मराठी विनोदाचा 'गजरा', हिंदी गाण्यांचं 'छायागीत', साबिरा मर्चंट यांचा इंग्रजी शब्दांचा खेळ. आणि तबस्सुमचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. १९७२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं चालला. भारतीय टीव्हीवरचा गप्पांचा पहिला कार्यक्रम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

या नावाचीही एक गंमत आहे. हे शब्द जिगर मुरादाबादी यांच्या एका शेराच्या पहिल्या मिसऱ्यातले आहेत. जिगर १९६० मध्ये गेले. त्यांच्या 'आतिश-ए-गुल'ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पहिल्या मिसऱ्यात बागाच बागा फुललेल्या आहेत. दुसऱ्या मिसऱ्यात 'लेकिन' येतो आणि प्रत्येकाच्या दामनाची, पदराची गोष्ट निघते. टीव्हीने पहिला मिसरा घेतला आणि दुसरा सोडून दिला. लाखो मराठी, गुजराती, कोकणी घरांत उर्दू शायरीचा एक तुकडा दर वेळी ऐकू यायचा आणि कुणालाही तो परका वाटायचा नाही. आज उर्दू म्हटलं की लोक आधी माझ्याकडे पाहतात, मग पुस्तकाकडे. तेव्हा हीच भाषा घरातल्या खुर्चीवर येऊन बसली होती.

अक्कांचा टीव्ही

मी भिवंडीची. घरात कोकणी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू आणि चोवीस तास मागांचा खडखडाट. आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आला तो आमच्याकडे नाही, समोरच्या पद्मशाली कुटुंबात. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या माणसांची भिवंडीत मोठी वस्ती आहे. त्या घरातल्या बाईंना अख्खी गल्ली अक्का म्हणायची. शटरचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, कौलांवर ॲन्टेना होता, आणि वारा सुटला की कोणीतरी एकाने वर चढून तो वरळीच्या दिशेला फिरवायचा. खाली आम्ही ओरडायचो, "आलं! गेलं! आलं!"

माझ्या दादीला टीव्ही मंजूर नव्हता. दादी कुरआन आणि उर्दू वाचायला शिकलेली, एवढंच तिचं शिक्षण. टीव्हीने मुलं बिघडतात असं तिचं ठाम मत. पण एकदा मला शोधत ती अक्कांच्या दारापर्यंत आली, आणि आतून तबस्सुमचा आवाज कानावर पडला. दादी चौकटीशी उभी राहिली. मग तिने चप्पल काढली. मग ती आत येऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाली, "तलफ्फुज बघितलास तिचा? एक हर्फ इकडचा तिकडे होत नाही." त्या दिवसापासून दादी तबस्सुमसाठी यायला लागली. बाकी टीव्ही तिच्या दृष्टीने बिघडवणाराच राहिला.

तबस्सुम काय करायची? साडी नेसून, केसांत गुलाब खोवून, अंगापेक्षा मोठं हसू घेऊन बसायची. समोर सिनेमातलं कोणीतरी. त्या काळी सिनेमाची माणसं पडद्यावर दिसत, मासिकांत दिसत, रेडिओवर ऐकू येत. पण ती आपल्यासारखी खुर्चीत बसून पाणी पितात, बोलताना अडखळतात, लाजतात, हे पहिल्यांदा इथे कळलं. गप्पांच्या मध्ये एखादा चुटकुला, एखादा शेर, पुन्हा हसणं. तिचे चुटकुले नवराबायकोचे, डॉक्टर-पेशंटचे, मास्तर आणि आळशी पोराचे. काही तर सगळ्यांना आधीच पाठ असायचे. तरी हसू यायचं, कारण सांगणारीच आधी हसायला लागायची आणि तिचं हसू आवरायला आपल्याला हसावं लागायचं.

गुलाबावरून आमच्याकडे एक घोळ व्हायचा. १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला आणि बातम्या द्यायला सलमा सुलतान यायच्या. त्यांच्याही केसांत गुलाब. माझा धाकटा भाऊ बातम्या सुरू झाल्या की पुढे सरकून बसायचा आणि चुटकुल्याची वाट पाहायचा. सलमा सुलतान गंभीर चेहऱ्याने देशाची हालहवाल सांगत राहायच्या. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी इंदिराजींच्या हत्येची बातमी त्यांनीच वाचली. त्या दिवशी भावालाही कळलं की हा गुलाब वेगळा आणि तो गुलाब वेगळा.

आमची की आपली

त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली होती. १९७० नंतरची दुसरी. मी सहा वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की एकाएकी माग थांबले. मागांचा आवाज बंद झाला की भिवंडीतल्या मुलांना झोप येत नाही. संचारबंदी उठली, माग सुरू झाले, पण समोरच्या दारात जाणं सुरू झालं नाही. कोणी मनाई केली नव्हती. भांडणही नव्हतं. अम्मी फक्त म्हणायची, "आज नको." अक्का पाण्याच्या रांगेत दिसायच्या. दादी त्यांना आणि त्या दादीला पाहून मान हलवायच्या आणि आपापली कळशी उचलायच्या.

किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी अक्कांनी टीव्ही जागेवरून हलवला. एरवी तो आतल्या भिंतीला टेकून असायचा. त्या दिवशी त्यांनी तो दाराकडे तोंड करून स्टुलावर ठेवला आणि दोन्ही फळ्या उघडून टाकल्या. बोलल्या काहीच नाहीत. थोड्या वेळाने तबस्सुमचा आवाज गल्लीत आला. आम्ही मुलं आधी आमच्या ओट्यावर बसलो, मग गल्लीच्या मध्ये, मग त्यांच्या पायरीवर. दादी आपल्या उंबऱ्यावर तसबीह घेऊन बसली होती. तिने तसबीह खिशात ठेवली आणि उठून गेली. आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली. अक्कांनी तिला पाणी दिलं.

एवढंच झालं. कोणी कोणाची माफी मागितली नाही, कारण त्या दोघींनी काही केलंच नव्हतं.

नंतर वाद व्हायचे, पण ते गोड होते. दादीचं म्हणणं, तबस्सुम आमची. नाव मुसलमान, जबान मुसलमान. अक्कांच्या मुलाने कुठल्याशा फिल्मी मासिकात वाचलं की तिचं खरं नाव किरण बाला आहे आणि नवऱ्याचं नाव विजय गोविल. मग अक्का म्हणायला लागल्या, आमची. दादी म्हणे, आई आमची ना? अक्का म्हणत, बाप आमचा ना? १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा वादाला जोर चढला. राम झालेले अरुण गोविल हे विजय गोविल यांचे धाकटे भाऊ. अक्का जिंकल्यासारख्या म्हणाल्या, "बघा दादी, रामाच्या घरात आहे ती!" दादी एक क्षण गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे रामाची भाभी आमची." अक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मी आज मराठीही शिकवते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीतली एक गोष्ट हमखास अडते. उर्दूत 'हमारी' म्हटलं की झालं. मराठीत मात्र दोन शब्द आहेत : आमची आणि आपली. आमची म्हणजे माझी आणि माझ्या लोकांची, तुझी नाही. आपली म्हणजे माझी आणि तुझीही. अक्कांच्या तेलुगूतही असा फरक आहे, 'मा' आणि 'मन'. मुलं विचारतात, मॅडम, कधी कोणतं वापरायचं? व्याकरणाचा नियम मी सांगते. बाकीचं त्यांना गल्लीतच शिकावं लागेल.

हसणारी बाई

आपल्याकडे बाईच्या हसण्याचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. हिंदी चित्रपटात टुनटुन होत्या. मूळच्या उमादेवी, १९४७ च्या 'दर्द'मधल्या गायिका. पुढे त्या विनोदी नटी झाल्या आणि त्यांच्या नावाचाच 'जाड बाई' असा अर्थ होऊन बसला. त्या फार मोठ्या कलावंत होत्या, पण पडद्यावर लोकांना त्यांच्या अंगावर हसायला लावलं जायचं. तबस्सुमने हसण्याची जागा बदलली. चुटकुला तिच्या हातात असायचा. कुठे थांबायचं, कोणाकडे पाहायचं, केव्हा खळखळून हसायचं हे ती ठरवायची. घरोघरी पुरुषमाणसं, सासवा, पाहुणे बसलेले असताना एक बाई मोठ्याने हसत होती आणि कोणी टीव्ही बंद करत नव्हतं.

आमच्या घरात मुलींनी मोठ्याने हसू नये असा दंडक होता. हा दंडक एकट्या मुसलमानांचा नव्हे. अक्कांच्या मुलींनाही तोच होता. एकदा मी जोरात हसले म्हणून दादीने डोळे वटारले. मी म्हटलं, "तबस्सुम हसते ते?" दादी म्हणाली, "ती कामावर आहे." तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. आज वाटतं, दादीने नकळत किती मोठी गोष्ट मान्य केली होती. हसणं हे बाईचं काम असू शकतं, त्यावर तिचं घर चालू शकतं.

बी.एड.ला असताना सराव पाठाच्या वेळी मी विषयप्रवेश चुटकुल्याने केला होता. मुलं हसली, पाठ रंगला. निरीक्षण वहीत शेरा आला : 'आशयाचे ज्ञान चांगले. शिक्षिका वर्गात फार हसते.' दुसरं वाक्य उणिवांच्या रकान्यात होतं. ती वही मी जपून ठेवली आहे. तेवीस वर्षं मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे, आणि ती उणीव अजून सुधारलेली नाही. मराठीला घाबरणारं पोर पहिल्यांदा मराठीत हसलं की अर्धी भाषा त्याला आलेली असते, हा माझा अनुभव आहे.

तबस्सुमचं सगळंच थोर होतं असं मी म्हणणार नाही. सरकारी टीव्हीचा तो काळ. आणीबाणी आली आणि गेली, तरी गुलशनमध्ये फुलंच फुलत होती. तिने पाहुण्याला अडचणीचा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. नवराबायकोचे कितीतरी चुटकुले आज मी वर्गात सांगणार नाही, कारण त्यांत बायको एक तर भांडखोर असते नाही तर उधळी. पण पाहुण्याला रडवून किंवा त्याच्या घरातली भांडणं काढून कार्यक्रम रंगवायचा, ही रीत तिची नव्हती. पाहुणा आला तेव्हा जसा होता त्यापेक्षा जरा बऱ्या मनाने उठून जायचा, आणि बघणारेही.

आणि ती फक्त टीव्हीत अडकून राहिली नाही. रंगमंचावरच्या कार्यक्रमांचं निवेदन केलं. 'गृहलक्ष्मी' या हिंदी मासिकाचं संपादन तिने पंधरा वर्षं केलं. चुटकुल्यांची पुस्तकं लिहिली. १९८५ मध्ये 'तुम पर हम कुरबान' हा चित्रपट स्वतः लिहिला, काढला आणि दिग्दर्शित केला, तेही बाई दिग्दर्शक बोटावर मोजण्याइतक्या असताना.

बाग उठून गेली

'फूल खिले हैं' बंद झाला १९९३ मध्ये. आदल्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला होता, गल्लीगल्लीत केबलच्या वायरी लोंबत होत्या. त्याच हिवाळ्यात मुंबई पेटली होती. १९९२-९३ च्या त्या दंगलींत भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला कमिट्यांचं ते यश, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गल्लीगल्लीत दोन्हीकडची माणसं नियमित एकत्र बसत होती. आमच्या गल्लीत तर ती सवय टीव्हीमुळे जुनीच होती.

पण गंमत अशी की जे दंगलीला नीट जमलं नाही ते सुबत्तेने केलं. आमच्याकडे टीव्ही आला. मग शेजारच्या घरी. मग प्रत्येकाकडे रंगीत, आणि प्रत्येकाच्या हातात रिमोट. अक्कांच्या दारातल्या चपला कमी होत गेल्या. भांडण झालं असतं तर समेट झाला असता. इथे समेट कशाचा करायचा? दादी आपल्या घरात टीव्हीसमोर एकटी बसायची आणि अधूनमधून उठून समोर जायची. म्हणायची, "तिथे चित्र साफ दिसतं." चित्र दोन्हीकडे सारखंच होतं.

तबस्सुम मात्र हरली नाही. २००६ मध्ये ती मालिकेत दिसली. पुढे वय झाल्यावर यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज' सुरू केलं. तोच गुलाब, तीच साडी, तेच हसू. जुन्या कलाकारांच्या आठवणी, शेर आणि चुटकुले. नव्या पिढीतली मुलं तिला तिथेच भेटली. 'फूल खिले हैं'चे जुने भाग मात्र आज फारच थोडे पाहायला मिळतात. एकवीस वर्षांच्या गप्पांमधलं जे उरलं आहे त्यातलं बरंचसं बघणाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि बघणारेही आता एकेक करून जात आहेत. म्हणून माझ्या वाचकांना विनंती आहे : तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, टीव्ही पहिल्यांदा कोणाच्या घरी बघितला? शेजारी कोण बसलं होतं? आणि लिहून ठेवा. आपल्या गावांचा खरा इतिहास त्या यादीत आहे.

आता त्या तासाकडे परत जाते. फळ्यावर तबस्सुम लिहिलेलं होतं. मी म्हटलं, याच वजनाचा आणखी एक शब्द सांगा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तअस्सुब." तअस्सुब म्हणजे आंधळा पक्षपात, आपल्या गटापुढे दुसऱ्याला माणूस न मानणं. उत्तर अगदी बरोबर होतं. साचा तोच, तश्दीदही त्याच जागी. मी तो शब्द तबस्सुमच्या खाली लिहिला आणि मुलांना म्हटलं, दोन्ही वहीत उतरवून घ्या, परीक्षेला येतील.

तबस्सुम गेली १८ नोव्हेंबर २०२२ ला, मुंबईत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी बातमी मोबाईलवर वाचली तेव्हा मधली सुट्टी चालू होती. दादी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही बातमी कोणाला सांगावी असा विचार करत मी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा. त्यांना आता कमी दिसतं, नंबर नातू लावून देतो. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही.

"ऐकलंस का?" अक्का म्हणाल्या. "आपली तबस्सुम गेली."